आमवात आणि अँटिऑक्सिडंटची बाटली : या चुका टाळा

सकाळी तासभर मूठ वळत नाही, मनगटं सुजलेली, रक्तात अँटी-सीसीपी (शरीराच्या स्वतःच्याच प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडं) पॉझिटिव्ह. आमवाताचं, म्हणजे रूमॅटॉइड आर्थ्रायटिसचं, निदान झालं की घरात दोन गोष्टी येतात : मेथोट्रेक्सेट या आमवाताच्या औषधाची चिठ्ठी आणि कुणीतरी सुचवलेली अँटिऑक्सिडंटची बाटली. पहिली चूक म्हणजे चिठ्ठी बाजूला ठेवून बाटली उघडणं.

बाटलीमागचा तर्क अगदीच पोकळ नाही. सुजलेल्या सांध्यातल्या पाण्यात न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींची गर्दी होते. जंतू मारायला त्या सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि चक्क हायपोक्लोरस आम्ल अशी ऑक्सिडंट, म्हणजे पेशींची मोडतोड करणारी रसायनं, बनवतात. विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकल्यावर जंतू मारतं तेच हे आम्ल. इथे जंतू नसतातच, मार सांध्याला बसतो. सांध्याच्या वंगणातलं हायलुरॉनिक आम्ल तुटून वंगण पातळ होतं. शिवाय ही रसायनं अस्तराच्या पेशींतली एनएफ-कप्पा-बी नावाची कळ दाबतात. मग टीएनएफ, इंटरल्यूकिन-6 हे सूज वाढवणारे रासायनिक निरोप सुटतात आणि ते आणखी पांढऱ्या पेशींना बोलावणं धाडतात.

म्हणून अँटिऑक्सिडंटने हे ऑक्सिडंट मारले की सूज गेली? तसं होत नाही. हे ऑक्सिडंट कमी बनवणाऱ्या उंदरांना प्रयोगात उलट जास्त तीव्र संधिवात झाला. प्रतिकारशक्तीला लगाम घालायलाही ते थोडे लागतात. ई जीवनसत्त्वाच्या एका चाचणीत दुखणं कमी झालं, सूज मात्र तशीच राहिली. हे जास्त फसवं, कारण दुखत नाही म्हणून औषध सुटतं आणि आत हाड झिजत राहतं.

भाजीतली हळद खुशाल खा. मिरीचा अर्क घातलेल्या हळदीच्या कॅप्सूलनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, आणि मेथोट्रेक्सेटवर असताना यकृत आधीच नजरेखाली असतं. घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका.

कॅप्सूल घेऊन विडी-सिगारेट चालू ठेवणाऱ्यांचं तर नवलच वाटतं! धूर स्वतःच ऑक्सिडंटने भरलेला. वर फुप्फुसातली प्रथिनं तो अशी बदलतो, की त्यांच्याविरुद्ध अँटी-सीसीपी तयार होऊ शकतात.

मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं तर अस्थिमज्जा बंद पडून जीव जाऊ शकतो. चिठ्ठीवर वार लिहून घ्या. गुण यायला 6 ते 12 आठवडे लागतात. तिसऱ्या आठवड्यात सोडू नका. 3 महिन्यांनीही सूज असेल, तर सीआरपी या सूज दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा ताजा अहवाल आणि चालू गोळ्यांची यादी घेऊन संधिवाततज्ज्ञांकडे जा. यादीत ती बाटलीही लिहा.