माउस कॉलनी ताब्यात घ्यायच्या आधी काय काय बघून ठेवायचं

रिसर्च असिस्टंट म्हणून लागलास आणि गाइड म्हणाले की कॉलनी, म्हणजे प्रयोगासाठी लॅबमध्ये वाढवलेले उंदीर, आता तूच बघ, तर केजला हात लावायच्या आधी आयएईसीची, म्हणजे संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची, मंजुरी स्वतः वाच, कुठला प्रोजेक्ट, किती उंदीर, कधीपर्यंत. आधीच्या माणसाच्या तोंडी भरवशावर राहू नको. तो जायच्या आत त्याला सोबत घेऊन एकेक केज उघडून मोज, शीट काहीही म्हणो, आणि केजच्या कार्डवर स्ट्रेन (उंदराचा वाण), जन्मतारीख, आईबाप, कानाची खूण, जीनोटाइप (त्याच्यात जीनच्या कुठल्या प्रती आहेत ते) सगळं आहे ना बघ. कार्ड पेन्सिलनेच लिही, ७०% इथेनॉल मारलं की मार्करची शाई जाते आणि मग तो उंदीर कोण हे देवालाच ठाऊक.

आता गणित, कारण हे काम म्हणजे अर्धं कॅलेंडरच. समजा मार्चच्या सुरुवातीला ८ आठवड्यांचे ८ नॉकआउट (जीनच्या दोन्ही प्रती बंद असलेले) नर हवेत आणि ब्रीडिंग हेट गुणिले हेट आहे, म्हणजे आईबाप दोघांचीही एकच प्रत बंद, म्हणजे चारात एक नॉकआउट, त्यातले निम्मे नर, म्हणजे आठात एक, म्हणजे साधारण ६४ पिल्लं. सी५७ ब्लॅक ६ या स्ट्रेनची मादी एका वेळी सहा-सात देते, म्हणजे दहाएक लिटर, अर्थात दहाएक बाळंतपणं. गाभणपणाचे तीन आठवडे, वर पिल्लं वाढायचे आठ, आणि मेटिंगसाठी एक आठवडा धर, की डिसेंबर उजाडताच जोड्या लागलेल्या हव्यात, तेही दहापेक्षा जास्त, कारण सगळ्या माद्या काही गाभण राहत नाहीत. हे गाइडना नोव्हेंबरात सांग, फेब्रुवारीत सांगून काही उपयोग नाही.

जोडी लावताना मादी नराच्या केजमध्ये टाकायची, उलट नाही. वेगवेगळ्या केजमधले मोठे नर एकत्र टाकलेस तर सकाळी रक्त दिसेल. नुकतीच लागलेली मादी अनोळखी नराजवळ नेलीस तर गर्भ टिकत नाही, ब्रूस इफेक्ट म्हणतात त्याला, त्यामुळे उगाच केज हलवाहलव नको. आणि नर तिथेच ठेवला असेल तर मादी व्यायल्यावर २४ तासांच्या आत परत लागते, म्हणजे पहिली पिल्लं २१ दिवसांची होतायत तोवर दुसरी हजर, तेव्हा वीनिंगची, म्हणजे पिल्लं आईपासून वेगळी करायची, तारीख चुकवायचीच नाही, रविवार असला तरी.

स्वतःसाठी एन९५ मास्क, साधा सर्जिकल नाही, उंदराच्या मुतातल्या प्रोटीनची ॲलर्जी खरंच होते आणि झाली की करिअरच बदलावं लागू शकतं. परफ्यूम बंद. घरी पाळीव उंदीर, हॅमस्टर असतील तर आधीच सांगून टाक. आधी स्वच्छ रूम, मग बाकीच्या, उलटं फिरायचं नाही.

पाण्याची बाटली लावली की गळत नाही ना बघ, एका रात्रीत बेडिंग भिजून पिल्लं गारठून मरतात. रात्री लाइट लावू नको, १२ तास अंधार म्हणजे १२ तास अंधार. गणपती-दिवाळीचा रोस्टर महिनाभर आधी लिहून घे आणि जमलं तर त्या आठवड्यात बाळंतपणं येणार नाहीत असंच मेटिंग लाव, ढोल-ताशे नि फटाक्यांच्या आवाजाने बिथरलेली आई पिल्लं खाऊसुद्धा शकते.

आणि एक गोष्ट जी नोकरीच्या जाहिरातीत नसते. वरच्या ६४ मधले ८ कामाचे, मग बाकीचे ५६? काही वाइल्ड टाइप (दोन्ही प्रती शाबूत असलेले) भाऊ कंट्रोल म्हणून, म्हणजे तुलनेला, लागतील, काही हेट ब्रीडिंगला, शेजारच्या लॅबला टिश्यू हवा असेल तर विचार, पण उरलेले तुलाच मारावे लागतात. ते पशुवैद्यांकडून नीट शिकून घे, पहिल्यांदा एकट्याने करू नको, जमत नसेल तर तसं सरळ सांग, त्यात लाज काही नाही. सीओटू (कार्बन डायऑक्साइड) हळूहळू सोडायचा, नंतर मेल्याची खात्री वेगळी करायची, आणि नवजात पिल्लांना मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो, हालचाल थांबली म्हणून लगेच पिशवीत भरायचं नाही.