नागपुरात राहून हिमालयाचे जुने नकाशे वाचायचे असतील तर

भूगोलात एमए केल्यावर मी गढवालच्या जुन्या टोपोशीट (डोंगर-दऱ्यांची उंची दाखवणारे सर्वेक्षणाचे नकाशे) हाती घेतल्या, तेव्हा घरच्यांनी विचारलं, नागपुरात कुठे आला हिमालय? हिमालय नाही, पण त्याच्या मोजणीचं मूळ इथून फार लांब नाही. 1802 मध्ये मद्रासजवळ पायारेषा (त्रिकोणांच्या मोजणीची पहिली, जमिनीवर मोजलेली रेषा) मोजून, पुढे हिमालयापर्यंत पोहोचलेलं त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू करणारा विल्यम लॅम्बटन 1823 मध्ये नागपूरच्या वाटेवर हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. झीरो माइलवर सगळे फोटो काढतात, हिंगणघाटला फारसं कुणी जात नाही.

नवख्यांनी सुरुवात घराजवळून करावी. शहराची 55 ओ/4 ही शीट घ्या, कॉलेजच्या कपाटात धूळ खात पडलेला प्लेन टेबल (तिकाटण्यावरचा सपाट फळा, ज्यावर जागेवरच नकाशा काढतात) बाहेर काढा आणि सकाळी ऊन चढायच्या आत सेमिनरी हिल्स गाठा. लांबच्या तीन ओळखीच्या खुणांवरून टेबलावर आपली जागा शोधायची, मग बाकीच्या ठिकाणांकडे किरणरेषा ओढायच्या. एकदा हे जमलं की 1930च्या दशकातला गढवालचा सर्वेक्षक काय करत होता ते हाताला कळतं. त्याच्या खुणा म्हणजे आधीच मोजून ठेवलेली शिखरं, आणि उंची क्लिनोमीटरच्या, म्हणजे चढ-उताराचा कोन मोजणाऱ्या साधनाच्या, कोनावरून.

म्हणूनच त्या नकाशांत शिखरं सहसा नेमकी बसतात आणि गोंधळ होतो तो दऱ्यांत. डोंगराच्या धारेपलीकडचा उतार टेबलावरून दिसलाच नाही, तर तो काढणार कसा? अशा ठिकाणी समोच्च रेषेऐवजी (सारख्या उंचीच्या जागा जोडणारी मोजलेली रेषा) अंदाजाच्या तुटक रेषा येतात. स्कॅन धूसर असेल तर दोन्ही सारख्याच दिसतात, आणि विद्यार्थी त्यांवरून बिनदिक्कत उतार काढतात!

हिमनद्यांच्या बाबतीत तर जास्तच जपा. 1935 मध्ये भूवैज्ञानिक जे. बी. ऑडन यांनी गोमुखाची, म्हणजे गंगोत्री हिमनदीच्या मुखाची, जागा जमिनीवर उभं राहून मोजली. ती तुलनेला चालते. पण पुढे हवाई छायाचित्रांवरून झालेल्या काही शीटवर हंगामी बर्फही हिमनदीत धरला गेलाय. तिथे आजची सीमा ठेवली, तर हिमनदी वाजवीपेक्षा जास्त आटलेली दिसते.

क्यूजीआयएस या नकाशांच्या संगणक प्रणालीत जुन्या शीटला एव्हरेस्ट लंबवर्तुळाभच (जुन्या भारतीय सर्वेक्षणाने धरलेला पृथ्वीचा आकार) द्या, नाहीतर धार शंभरेक मीटर सरकते. सरावासाठी 53 एन ही शीट बरी, गोमुख तिच्यातच येतं. कामाचं विचाराल, तर सुदूर संवेदन (उपग्रहचित्रांवरून पाहणी) केंद्र आणि मृदा सर्वेक्षणाचं मुख्यालय, दोन्ही नागपुरातच आहेत. तिथे हिमालय नसेल, पण जुनी शीट वाचायला हीच नजर लागते.