मुंबईच्या दमट हवेत घरच्या एसीकडून पुरेपूर काम कसे घ्यावे

मुंबईत एसीला दोन कामे करावी लागतात. खोलीतली उष्णता बाहेर टाकणे हे पहिले, आणि हवेतले बाष्प काढून घेणे हे दुसरे. समुद्राकाठच्या या शहरात अंग चिकचिकते ते बरेचसे या बाष्पामुळेच, आणि तरीही बहुतेक घरांत रिमोटवरचा आकडा खाली आणणे हाच एकमेव उपाय समजला जातो. इन्व्हर्टर नसलेल्या साध्या एसीचा कॉम्प्रेसर एकाच वेगाने चालतो, त्यामुळे 18 अंश ठेवल्याने खोली लवकर गार होत नाही, फक्त तो अधिक वेळ चालू राहतो. म्हणून सुरुवातीला तापमान 24 ते 26 अंशांवर ठेवावे आणि छताचा पंखा मंद गतीने चालू करावा. एक अंश वाढवला तर साधारण सहा टक्के वीज वाचते, असे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने सांगितले आहे, आणि 2020 पासून खोलीच्या एसीत 24 अंश हे मूळ, म्हणजे चालू करताच आपोआप येणारे, तापमान ठेवणे उत्पादकांना बंधनकारक झाले आहे. पावसाळ्यात, हवा फारशी तापलेली नसून नुसती ओलसर असते तेव्हा, रिमोटवरचा ‘ड्राय’ पर्याय वापरून पाहावा.

त्यानंतर फिल्टरकडे वळावे. एसीची वीज मुख्य बटणावरून बंद करून पुढचे झाकण उचलावे, जाळ्या अलगद ओढून काढाव्यात आणि मागच्या, म्हणजे स्वच्छ बाजूने नळाचे पाणी सोडावे, म्हणजे धूळ जाळीत रुतून न बसता समोरून निघून जाते. गरम पाणी किंवा कडक ब्रश वापरू नये आणि जाळ्या सावलीत पूर्ण वाळवूनच परत बसवाव्यात. आसपास इमारतीचे बांधकाम चालू असेल तर हे दर पंधरा दिवसांनी करावे. जाळी तुंबली की कॉइलवरून, म्हणजे गॅसच्या नळ्या आणि पात्यांच्या संचावरून, हवा पुरेशी वाहत नाही, कॉइल गरजेपेक्षा थंड होऊन त्यावर बर्फ साचतो आणि थंडावा उलट कमी होतो.

बाहेरच्या युनिटची मात्र आपल्याकडे फार हेळसांड होते, आणि माझ्या मते मुंबईतले निम्मे रडगाणे तिथूनच सुरू होते. आतली उष्णता बाहेर फेकण्याचे काम हेच युनिट करते, त्यामुळे त्याच्या पंख्यासमोर मोकळी जागा हवी. ग्रिलमध्ये युनिटला चिकटून कुंड्या, जुने डबे किंवा वाळत घातलेले कपडे ठेवू नयेत. अरुंद डक्टमध्ये, म्हणजे इमारतीतल्या उभ्या पोकळीत, एकावर एक युनिटे लावलेली असतील, तर खालच्या मजल्यांची गरम हवा वर चढून वरचीच युनिटे तीच पुन्हा ओढतात, तेव्हा शक्य असल्यास सोसायटीशी बोलून जागा बदलून घ्यावी. कबुतरांची घरटी आणि पिसे युनिटच्या मागच्या कॉइलवर अडकतात, तीही वेळच्या वेळी काढावीत. वर्सोवा, वरळी, कफ परेड अशा किनाऱ्यालगतच्या भागांत वाऱ्याबरोबर येणारे मीठ कॉइलच्या पातळ अ‍ॅल्युमिनियम पात्यांना गंजवते. त्यावर गोड्या पाण्याचा हलका फवारा मारून ती धुणे उपयोगी पडते, पण जोराच्या धारेने पाती वाकतात. उंच मजल्यावर हे काम स्वतः ग्रिलबाहेर वाकून कधीही करू नये, सुरक्षा पट्टा वापरणाऱ्या मेकॅनिकलाच सांगावे.

गॅसविषयी एक गोष्ट आवर्जून लक्षात ठेवावी. एसीतला गॅस बंद नळ्यांमध्ये फिरत असतो, तो वापरून संपत नाही. दरवर्षी गॅस भरावाच लागतो असे कोणी सांगत असेल तर त्याला आधी गळती शोधून ती बुजवायला सांगावे, मग व्हॅक्यूम करून, म्हणजे नळ्यांतली हवा पंपाने ओढून काढून, युनिटच्या पट्टीवर लिहिलेल्या वजनाइतकाच गॅस भरून घ्यावा.

पाणी वाहून नेणाऱ्या पाइपला संपूर्ण लांबीत उतार हवा. त्यात शेवाळ साचले की पाणी आत भिंतीवर ठिबकू लागते, म्हणून जूनच्या आधी ट्रेमध्ये मगभर पाणी ओतून ते बाहेर सरळ वाहते का ते पाहावे.

खोलीही तयार असावी लागते. पश्चिमेच्या खिडकीला दुपारी जाड पडदा ओढावा, आणि सरकत्या खिडक्यांच्या फटींना ब्रशची पट्टी लावून घ्यावी, कारण तिथून सतत दमट हवा आत येत राहते. नवा एसी घेताना उगीच मोठा घेऊ नये. दहा बाय बारा फुटांच्या साध्या खोलीला बहुधा एक टन पुरतो, आणि मोठा साधा एसी खोली झटकन गार करून बंद होतो, पण बाष्प तसेच मागे ठेवतो.

हे सगळे झाल्यावर एसी पंधरा-वीस मिनिटे चालवून साध्या थर्मामीटरने आत जाणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या हवेचे तापमान मोजावे. कॉम्प्रेसर पूर्ण ताकदीने चालू असताना फरक साधारण 8 ते 12 अंशांचा असावा, फार दमट दिवशी थोडा कमी चालेल. फरक बराच कमी निघाला, तर ते दोन्ही आकडे मेकॅनिकला सांगावेत आणि गॅसला हात लावण्याआधी कॉइलची स्वच्छता, आतल्या-बाहेरच्या दोन्ही पंख्यांचा वेग आणि कपॅसिटर, म्हणजे मोटर सुरू व्हायला मदत करणारा विजेचा भाग, तपासून घ्यावेत.