युनियनच्या गे-लेस्बियन अधिवेशनाला जायचंय? आधी ब्रँच सेक्रेटरीला गाठा

ब्रिटनमध्ये नोकरी करणारे बरेच मराठी लोक पगारातून युनियनची वर्गणी कापू देतात आणि तिथेच थांबतात. त्यांच्यातल्या लेस्बियन, गे, बाय आणि ट्रान्स मंडळींसाठी हे लिहितेय. मी इथल्या सरकारी हॉस्पिटलात नर्स आहे, युनिसन या सार्वजनिक सेवांतल्या कामगारांच्या युनियनची सभासद आहे. घरी बायको आहे, हे आमच्या लालबागच्या नातेवाइकांपैकी निम्म्यांना अजून ठाऊक नाही. म्हणजे लपूनछपून कसं वागावं लागतं ते मला कळतं. तरीही सांगते, जा.

युनिसन 1993 मध्ये तीन युनियन एकत्र येऊन झाली. महिला, कृष्णवर्णीय, अपंग आणि समलिंगी सभासदांचे स्वतःचे गट तेव्हापासून तिच्या नियमावलीतच आहेत, कुणाची मेहेरबानी नाही. यातल्या समलिंगी गटाचं एलजीबीटी प्लस अधिवेशन बहुधा नोव्हेंबरात शुक्रवार ते रविवार भरतं, आणि दरवर्षी त्याच शहरात नसतं. टीयूसी या युनियनांच्या महासंघाचंही एक असतं, सगळ्या युनियनांचं मिळून, पण तिथे प्रतिनिधी युनियनच्या वरच्या पातळीवरून जातात. सुरुवात आपल्याच युनियनच्या अधिवेशनापासून करा.

प्रतिनिधी पाठवते ती ब्रँच, म्हणजे युनियनची आपल्याकडची शाखा, आणि सहसा रेल्वेचं तिकीट, हॉटेल, नोंदणी हा खर्चही तीच करते. ब्रँचच्या बैठकीत सगळ्यांसमोर हात वर करायची गरज नसते. सेक्रेटरीला उन्हाळ्यातच एक मेल टाका, खासगी पत्त्यावरून. घरी टपाल पाठवू नका, हेही त्यातच लिहा. युनियनचं सभासदत्व आणि लैंगिक कल या दोन्ही गोष्टी इथल्या कायद्याने खास जपायच्या माहितीत येतात, त्यामुळे असं सांगण्यात संकोच नको. मॅनेजरला 'युनियनचं अधिवेशन आहे' एवढं पुरे. कुठलं, ते त्याला सांगायची गरज नाही.

रजेचं मात्र नीट बघा. 1992 च्या कायद्याने मान्यताप्राप्त युनियनच्या सभासदाला तिच्या कामांसाठी वाजवी सुट्टी मागता येते, पण ती पगारी असेलच असं नाही. काही हॉस्पिटलांचा युनियनशी करार असतो, त्यात पगार मिळतो. आपल्याकडे काय आहे ते रेपला (कामाच्या जागी युनियनचं काम बघणाऱ्याला) विचारा, आणि रोटा, म्हणजे ड्युट्यांचं वेळापत्रक, लागायच्या आधी विचारा. रोटा लागल्यावर सिस्टरकडे गयावया करण्यात अर्थ नाही.

आता मुख्य गोष्ट, ठराव. पहिल्यांदा जाणारे बहुतेक जण याला हात लावत नाहीत, नुसते बसून ऐकतात. माझ्या मते ते अर्धं जाणं झालं. ठरावाची मुदत अधिवेशनाच्या कितीतरी आधी संपते, म्हणून मेल टाकतानाच विषय डोक्यात हवा. तो आपल्या वॉर्डातला असू द्या. उदाहरणार्थ, व्हिसावर आलेल्या समलिंगी कामगारांना जोडीदाराला इथे आणण्याबद्दल धड माहिती कुणी देत नाही. मग 'सरकारने नियम बदलावेत' असं लिहून भागत नाही, कारण अधिवेशन सरकारला हुकूम सोडू शकत नाही. 'राष्ट्रीय समितीने माहितीपत्रक काढावं, रेपना प्रशिक्षण द्यावं, सरकारकडे मागणी लावून धरावी' असं लिहा. आपल्याच समितीला नेमकं काम सांगा, आणि तेही तीनच ओळींत. लांबलचक प्रस्तावना कुणी वाचत नाही.

तुमच्यासारखाच ठराव दुसऱ्या ब्रँचचा आला तर दोन्हींचा मिळून एक संयुक्त ठराव होतो. मांडणार कोण आणि अनुमोदन कोण देणार, हे त्या दोघांनी बसून ठरवायचं. इथे मानापमान नको. अनुमोदनाचं काम तुम्ही घ्या आणि आपलं कलम मात्र शाबूत ठेवा. ठराव स्टँडिंग ऑर्डर्स कमिटीने (ठराव नियमांत बसतो का ते बघणाऱ्या समितीने) अडवला तर त्यांना भेटा, कारण विचारा. ती माणसं बोलायला चांगली असतात, फक्त नियमांची पक्की.

वडील गिरणीत होते. 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या हाकेवर जे अडीच लाख बाहेर पडले, त्यातले एक. म्हणून खाणकामगारांचा विषय निघाला की माझे कान टवकारतात, आणि या अधिवेशनांत तो निघतोच. ब्रिटनच्या खाणकामगारांच्या 1984-85 च्या संपात लंडनच्या गे-लेस्बियन तरुणांनी डबे फिरवून वेल्सच्या दुलैस खोऱ्यातल्या संपकऱ्यांसाठी पैसे जमवले. पुढे 1985 च्या लंडन प्राइडमध्ये, म्हणजे समलिंगींच्या मोर्चात, खाणकामगार आपला बॅनर घेऊन चालले. त्याच वर्षी लेबर पक्षाच्या परिषदेत समलिंगींच्या हक्कांचा ठराव मंजूर झाला, त्यामागे खाणकामगार युनियनची गठ्ठा मतं होती. अश्रू सगळ्यांच्याच डोळ्यांत येतात हे ऐकताना, पण ठराव पास होतो तो मतांनी. म्हणून चहाच्या रांगेत दुसऱ्या ब्रँचच्या लोकांना गाठा, आपला विषय सांगा, त्यांचाही ऐकून घ्या.

पहिल्या दिवशी छोट्या गटांच्या बैठका असतात: बाय, ट्रान्स, अपंग, ब्लॅक मेंबर्स. युनियनमध्ये 'ब्लॅक'मध्ये आशियाईही धरतात, म्हणून आपण भारतीय या शेवटच्या गटात. चुकवू नका. माझ्या खऱ्या ओळखी तिथेच झाल्या, डिस्कोत नाही.

भाषणाला मांडणाऱ्याला साधारण पाच मिनिटं, बाकीच्यांना तीन. समोरचा दिवा लाल झाला की वाक्य पुरं करा आणि उतरा. नाव आणि ब्रँच सांगायची, 'पहिल्यांदाच बोलतेय' म्हणायचं (टाळ्या मिळतात, लाजू नका), मग थेट मुद्दा. कागद मोठ्या अक्षरांत छापून न्या. इंग्रजीच्या उच्चारांची काळजी सोडा, ग्लासगोचा प्रतिनिधी बोलला की अर्ध्या सभागृहाला तसंही कळत नाही.

फोटोंबद्दल दारातच विचारा. माझा फोटो नको, असं सांगता येतं आणि ते पाळलं जातं. तरी शेजारची टेबलं स्वतःच सेल्फी काढत असतात, तिकडे लक्ष ठेवा. गळ्यातलं ओळखपत्र सभागृहाबाहेर पडताना खिशात टाका.

परत आल्यावर ब्रँचला पानभर अहवाल द्या: काय पास झालं, आपल्या हॉस्पिटलात त्यातलं काय करता येईल. पावत्या त्याच आठवड्यात लावा. जेवणाच्या बिलात वाइन असेल तर ती आधीच वजा करा, आमचे ट्रेझरर तेवढीच ओळ शोधत बसतात.