जुना स्पेक्ट्रम, नवा टीव्ही: चित्र नीट दिसत नसेल तर या चुका टाळा

१९८२ चा झेडएक्स स्पेक्ट्रम हा घरगुती कॉम्प्युटर आजच्या एलईडी टीव्हीला लावला की बहुतेकांना एकतर निळा पडदा दिसतो, नाहीतर मुंग्यांनी भरलेलं फिकट चित्र. मग दोष टीव्हीला दिला जातो आणि महागडा कन्व्हर्टर मागवला जातो. खरं तर बिघाड बहुतेक वेळा कॉम्प्युटरच्याच बाजूला असतो. म्हणून आधी पॉवर, मग मॉड्युलेटर (चित्राचा अँटेना-सिग्नल बनवणारी डबी), मग केबल आणि सगळ्यात शेवटी टीव्ही, याच क्रमाने तपासा. खालची माहिती ४८के, म्हणजे ४८ किलोबाइट मेमरीच्या मॉडेलची आहे. डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८६ मध्ये भारतात आणलेला डीबी स्पेक्ट्रम प्लस याच घराण्यातला.

चुकीचा अडॅप्टर

स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट डीसी, साधारण १.४ अँपियर लागतात आणि पिनच्या आतला भाग निगेटिव्ह असतो. बाजारातले बहुतेक ९ व्होल्टचे अडॅप्टर बरोबर उलटे, म्हणजे आत पॉझिटिव्ह असतात. पिन बसते म्हणून लावला की आतलं व्होल्टेज बनवणारं सर्किट आणि त्यापाठोपाठ मेमरीच्या चिप जळू शकतात. मल्टिमीटरने ध्रुव तपासल्याशिवाय कुठलाही अडॅप्टर लावू नका, अगदी मशीनबरोबर मिळालेला जुना असला तरी. मधल्या चाळीस वर्षांत कुणीतरी पिन बदलून उलटी जोडलेली असू शकते.

चित्रावर आडवे गडद पट्टे हळूहळू वर किंवा खाली सरकत असतील तर ती पॉवरमधली घरघर समजा. बोर्डावरचे मूळचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वाळलेले असतात. २२ आणि १०० मायक्रोफॅरडचे आडवे कपॅसिटर ध्रुव सांभाळून बदलले की पुष्कळदा पट्टे जातात.

पडदा उजळून खाली सिंक्लेअर रिसर्चची १९८२ ची ओळ आली, तर कॉम्प्युटर ठणठणीत आहे आणि पुढची शोधाशोध फक्त चित्राची. रंगीत चौकडी किंवा उभे पट्टेच येऊन थांबले, तर बहुधा मेमरीत किंवा बोर्डावर बिघाड आहे. मग केबल कितीही बदला, फरक पडणार नाही.

सॉकेट सारखं, सिग्नल वेगळा

सगळ्यात जास्त लोक इथे फसतात. स्पेक्ट्रमच्या मागचं टीव्हीचं सॉकेट दिसायला थेट एव्हीच्या पिवळ्या सॉकेटसारखं असतं. म्हणून आरसीए केबल लावली जाते आणि पडदा कोरा राहतो. त्या सॉकेटातून व्हिडिओ येत नाही. येतो तो यूएचएफ ३६ नंबरच्या चॅनेलवरचा, सुमारे ५९१ मेगाहर्ट्झचा अँटेनाचा सिग्नल. तो टीव्हीच्या अँटेना सॉकेटातच द्यायचा आणि ॲनालॉग चॅनेल हाताने शोधायचा. ऑटो सर्च हा कमजोर सिग्नल सर्रास ओलांडून जातो. मेनूत सिग्नल नसताना निळा पडदा दाखवायची सोय असेल तर ट्युनिंगपुरती ती बंद ठेवा, म्हणजे अंधुक चित्र निदान दिसेल. आवाजाची वाट बघू नका, ४८के चा आवाज मशीनच्या पोटातल्या छोट्या स्पीकरमधून येतो. टीव्हीत फक्त डिजिटल ट्यूनर असेल तर हा रस्ता बंद.

एवढं करूनही चित्र खरखरीतच राहतं. म्हणून मॉड्युलेटर वगळून सरळ कंपोझिट (टीव्हीच्या पिवळ्या सॉकेटात एकाच तारेने जाणारा) व्हिडिओ बाहेर काढणं हाच खरा उपाय. पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे, पण त्यातही ठरलेल्या चुका होतात.

मॉड्युलेटर म्हणजे बोर्डाच्या कोपऱ्यातली चंदेरी डबी. बोर्डावरून तिच्यात दोन वायर जातात, एक ५ व्होल्टची आणि दुसरी व्हिडिओची. रंगावरून किंवा कुणाच्या फोटोवरून अंदाज बांधू नका, कारण बोर्डाच्या आवृत्त्या वेगवेगळ्या आहेत. मशीन चालू करून मीटर लावा. एका वायरवर स्थिर ५ व्होल्ट दिसतील. दुसरीवर आकडा कमी असेल आणि बॉर्डरचा, म्हणजे चित्राभोवतीच्या चौकटीचा रंग बदलला की तो किंचित हलेल. बॉर्डर बदलायला बी ही एकच कळ दाबा, अख्खा शब्द आपोआप उमटतो. मग ० आणि एंटर, नंतर तसंच ७ आणि एंटर.

आता पॉवर काढा आणि दोन्ही वायर डबीपासून सोडवा. ५ व्होल्टच्या वायरचं टोक टेपने नीट झाका. ती चुकून सॉकेटला लागली तर ५ व्होल्ट थेट टीव्हीत जातील. डबीचं झाकण उघडून सॉकेटच्या मधल्या टोकाला आलेल्या रेझिस्टरचा पाय डाग वितळवून सोडवा. हा पाय तसाच ठेवून वरून वायर जोडणं ही नेहमीची चूक आहे. तसं केलं की मॉड्युलेटरचं सर्किट व्हिडिओला ओढत राहतं आणि चित्र मंद दिसतं. शेवटी १०० मायक्रोफॅरड, १६ व्होल्टचा कपॅसिटर घ्या. पॉझिटिव्ह पाय व्हिडिओच्या वायरला आणि निगेटिव्ह सॉकेटच्या मधल्या टोकाला. डबी जागेवरच राहू द्या, कारण सॉकेटची ग्राउंड तिच्यातूनच मिळते.

चित्र जरा जास्तच पांढरट दिसलं तर एका ट्रान्झिस्टरचं छोटं बफर बोर्ड मध्ये बसवता येतं. सगळ्याच टीव्हींना त्याची गरज पडत नाही.

चित्र आलं, पण रंग नाही

आधी सॉकेट बघा. बऱ्याच टीव्हींत पिवळं आणि हिरवं सॉकेट एकच असतं आणि टीव्हीने इनपुट कंपोनंट (रंग वेगळ्या तारांतून घेणारं) म्हणून धरलं तर कृष्णधवल चित्रच येणार. इनपुट एव्ही निवडा. ३.५ मिमीच्या बारीक जॅकचा टीव्ही असेल तर त्याच टीव्हीची केबल वापरा, कारण जॅकवरच्या जोडण्यांचा क्रम सगळीकडे सारखा नसतो. दुसरी केबल असेल तर पिवळा सोडून लाल आणि पांढरा प्लगही लावून बघा.

तरीही रंग येत नसेल तर गाठ रंगाच्या क्रिस्टलशी, म्हणजे रंगाची वारंवारता ठरवणाऱ्या छोट्या भागाशी आहे. पाल या टीव्ही पद्धतीतल्या रंगाची वारंवारता ४.४३३६१८७५ मेगाहर्ट्झ असते. जुने टीव्ही थोडी चूक खपवून घ्यायचे, नव्यांतले कित्येक घेत नाहीत. मशीन दहा मिनिटं तापू द्या. मग रंगाच्या क्रिस्टलजवळ ट्रिमर (वारंवारता जुळवायचा छोटा पेच) असेल तर तो प्लास्टिकच्या पेचकसाने अगदी केसभर फिरवा. लोखंडी पेचकस नको, टोक लागताच वारंवारता बदलते आणि हात काढला की रंग पुन्हा जातो.

रंगांच्या कडांवर सरकणारे ठिपके मात्र राहणारच. ४८के मध्ये चित्राचं आणि रंगाचं क्रिस्टल वेगळं असतं आणि दोघं एकमेकांना बांधलेली नसतात. त्यासाठी ट्रिमर फिरवत बसू नका.

कन्व्हर्टर आणि टीव्हीच्या सेटिंग

स्पेक्ट्रम दर फ्रेमला ३१२ ओळी देतो, त्याही इंटरलेस न करता (म्हणजे सम-विषम ओळी आलटून पालटून न दाखवता), सेकंदाला ५०.०८ वेळा. स्वस्त एव्ही ते एचडीएमआय डब्या याला इंटरलेस समजून दोन फ्रेम एकात मिसळतात. त्यामुळे अक्षरं थरथरतात. शिवाय आउटपुट ६० हर्ट्झचं असेल तर सरकणारं चित्र अडखळत चालतं. डबीवरची कळ पालवर ठेवा. पैसे घालायचेच असतील तर रेट्रोटिंक-२एक्ससारखं खास जुन्या मशीनसाठी बनवलेलं यंत्र घ्या, त्यात कंपोझिट चालतं. ओएसएससी हे अशाच कामाचं दुसरं यंत्र उत्तम आहे, पण त्याला कंपोझिट इनपुटच नाही. हे न बघता घेणारे पुष्कळ आहेत.

टीव्हीत प्रमाण ४:३ करा, शार्पनेस शून्याकडे न्या, नॉइज रिडक्शन बंद करा आणि गेम मोड चालू ठेवा. शार्पनेस वाढवला की अक्षरांभोवती पांढरी कड येते, आणि लोक तीच स्पष्टता समजतात.

मागच्या कडेच्या कनेक्टरवर बसणारं झेडएक्स-एचडीसारखं एचडीएमआय उपकरण वापरायचं असेल तर ते फक्त मशीन बंद असताना लावा-काढा. तिथे पॉवरच्या रेषा डेटाच्या रेषांना लागून आहेत. चालू मशीनवर कनेक्टर जरा तिरका झाला तरी झेड८०, म्हणजे मशीनचा प्रोसेसर, जाऊ शकतो.

दुसरी मशीन

कमोडोर ६४ या कॉम्प्युटरला मॉड्युलेटर उघडायची गरज नाही. आठ पिनांच्या सॉकेटातून ल्युमा (उजेड) आणि क्रोमा (रंग) वेगळे मिळतात. फक्त पाच पिनांची केबल घेऊ नका, क्रोमा सहाव्या पिनवर असतो. रंग भडक होऊन पसरत असतील तर क्रोमाच्या वायरमध्ये सुमारे ३०० ओहमचा रेझिस्टर घाला.

१९८४ पासून क्लास या शालेय कॉम्प्युटर शिक्षणाच्या प्रकल्पातून भारतातल्या शाळांमध्ये बीबीसी मायक्रो हे कॉम्प्युटर आले. त्याच्या बीएनसी सॉकेटातून मुळात कृष्णधवल कंपोझिटच येतं, तो बिघाड नव्हे. रंग हवा असेल तर बोर्डावरची एस-३९ ही लिंक जोडा. पण त्याआधी पॉवर सप्लाय उघडून मेनच्या बाजूचे पिवळट, तडे गेलेले कपॅसिटर बदला. वर्षानुवर्षं बंद पडलेलं मशीन चालू केलं की हेच काही मिनिटांत फुटतात आणि खोली धुराने भरते.