दोनशे अडतीस चौकोन

महापुरात सांगलीतल्या आमच्या घरात पाणी शिरलं. दुरुस्तीसाठी २ लाखांचं कर्ज काढलं, १५ टक्क्यांनी, ३ वर्षांचं. शिवाय क्रेडिट कार्डाचे ३८,००० होतेच. दोन्हीकडे नेमाने भरत होतो, पण बोजा हलत नव्हता. मन पार खचलं होतं.

एका रात्री स्टेटमेंट समोर ठेवून हिशेब मांडला. कार्डाची किमान रक्कम १,९००. महिना साडेतीन टक्क्यांनी व्याज आणि त्यावरचा जीएसटी मिळून १,५६९. म्हणजे मुद्दल फिटलं फक्त ३३१! कर्जाच्या ६,९३३च्या पहिल्या हप्त्यातही २,५०० व्याजाचेच. आधी कार्डच संपवायचं, असं मी आणि बायकोने तिथेच ठरवलं. २०,००० ची आरडी मोडून त्यात घातली. वाईट वाटलं, पण आरडीला सात टक्केसुद्धा मिळत नव्हते. कार्ड कपाटात ठेवलं.

मुलीच्या चौकटीच्या वहीत २३८ चौकोन आखले. हजाराचं मुद्दल फिटलं की एक चौकोन रंगवायचा. व्याज भरलं त्याला रंग नाही, ही अट तिचीच. रंगही तिनेच निवडला, हळदीचा पिवळा. आरडीच्या दिवशी एकदम वीस चौकोन रंगले, तेव्हा कितीतरी दिवसांनी घरात हसू आलं. दर पंचवीस चौकोनांना भडंगाचा पुडा घेऊन तिघं आयर्विन पुलाजवळ नदीकाठी बसायचो.

दिवाळीच्या महिन्यात एकच चौकोन रंगला. तोही तिने अगदी कडेपर्यंत, सावकाश भरला. कार्ड कधीच संपलं. आता कर्जाचे एकोणीस उरलेत.