पोफळीवरचा कोळेरोग: पहिली फवारणी मृगाआधीच

वाडीतल्या पोफळींना, म्हणजे सुपारीच्या झाडांना, कोळेरोग लागला, अशी ओरड आषाढात सुरू होते. तोवर उशीर झालेला असतो. हिरव्या सुपारीवर टोपीच्या बाजूला पाणी मुरल्यासारखा काळपट डाग पडतो, फळाची चकाकी जाते, त्यावर पांढरी लव धरते आणि झाडाखाली सुपारीचा सडा पडतो. डागाळलेलं फळ पुन्हा चांगलं होत नाही. म्हणून श्रीवर्धन-मुरूडपासून गुहागरपर्यंतच्या वाडीवाल्यांनी आणि गोव्यातल्या कुळागरवाल्यांनी मे संपायच्या आत पाडेल्याला, म्हणजे झाडावर चढणाऱ्या गड्याला, गाठावं. पाऊस लागल्यावर निसरड्या खोडावर कोण चढणार?

पाडेली वर गेला की आधी शेंड्यातले गेल्या वर्षीचे वाळके घड काढायला लावा. रोग त्यांतच दबा धरून असतो. खाली आलेला हा सगळा कचरा जाळून टाका. कितीतरी जण औषध मारतात आणि हे काम टाळतात.

फवारणी एक टक्का बोर्डो मिश्रणाची. घरच्या पाच-दहा झाडांसाठी थोडंथोडं करायचं तर १०० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) ५ लिटर पाण्यात आणि १०० ग्रॅम कळीचा चुना वेगळ्या ५ लिटरमध्ये. भांडी प्लॅस्टिकची, लोखंडी किंवा पत्र्याची नकोत. मोरचूद लवकर विरघळत नाही, फडक्यात बांधून रात्रभर पाण्यात लोंबकळत ठेवा. चुन्याचं दुधाळ पाणी गाळून घ्या आणि मोरचुदाचं पाणी त्यात ओता, ढवळत ढवळत. उलटं नको. रंग आभाळी निळा यायला हवा. मग घासून लखलखीत केलेलं विळ्याचं पातं त्यात बुडवा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, आणखी चुन्याचं पाणी घाला. मिश्रण त्याच दिवशी संपवा, शिळं चालत नाही. पावसात टिकावं म्हणून चिकट द्रव्य मिसळा.

घड सगळीकडून भिजला पाहिजे, वरून नुसता शिंतोडा उपयोगाचा नाही. दुसरी फवारणी ४० ते ४५ दिवसांनी, उघडीप बघून. पाऊस लांबला तर तिसरीही. पोफळीवर नागवेल चढवली असेल तर तिची पानं आधीच खुडून घ्या, आणि विहिरीवर फळी टाका; मोरचूद माशांना विष आहे.

फवारणी जमत नसेल तर पावसाआधी घडांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवा, खालून तोंड मोकळं ठेवून. मोजकी झाडं असतील तर हेच स्वस्त पडतं. गळलेली सुपारी मात्र रोज वेचा.